ज्या मातीचे गाणे, त्या मातीचा ठेका

कोल्हापुरात खासबाग मैदानावर कुस्ती लागली की हलगी कडाडते. दमट हवेत तिचे कातडे सैल पडते, म्हणून वादक ती जाळावर धरून तापवतो आणि मगच तिच्यातून तो परिचित टणत्कार उमटतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात त्या हलगी, पिपाणी आणि सनईच्या संगतीने. अंबाबाईच्या दारी चौघडा झडतो, गोंधळात संबळ बोलतो, यल्लम्माच्या जोगतिणींच्या काखेत चौंडके असते, तर शाहिराच्या हाती डफ असतो. या परिसरात प्रत्येक प्रसंगाला स्वतःचे वाद्य आहे आणि प्रत्येक वाद्याला स्वतःचा प्रसंग आहे.

आज घरबसल्या संगणकावर गाणे बांधणाऱ्या तरुणाला यांपैकी एखादा नाद हवा असेल, तर तो बहुधा तयार तुकडा शोधू लागतो. ढोलकीची एकच थाप हळू, मध्यम आणि जोरकस अशा निरनिराळ्या वजनांनी ध्वनिमुद्रित केलेली असते. अशा थापा कळफलकावर मांडल्या की हवा तो ठेका जुळवता येतो. यालाच संगीतनिर्मितीच्या व्यवहारात ‘सॅम्पल’ म्हणतात. ही सोय मोठी आहे आणि तिने अनेकांना संगीताचे दार उघडून दिले आहे. मात्र लावणीला कोणता नाद शोभेल, भूपाळीला कोणता, प्रार्थनेला किती ताल पुरेल आणि समरगीताला किती लागेल, हे यंत्र सांगत नाही. ते संगीतकाराला स्वतःच ठरवावे लागते. याच कोल्हापुरात वयाच्या सतराव्या वर्षी आलेल्या एका कोकणी मुलाने पुढे सारे आयुष्य या एका प्रश्नाची उत्तरे शोधण्यात घालवले. तो मुलगा म्हणजे संगीतकार वसंत देसाई.

वसंतरावांचा जन्म 9 जून 1912 रोजी कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. हा मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभा राहणारा दशावतार ही तिथल्या माणसाची पहिली संगीतशाळा. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या मोजक्या साहित्यावर दशावतारी मंडळी रात्र जागवतात. संकासुर आला की पखवाजाचा जोर वाढतो, करुण प्रसंग आला की तोच पखवाज दबकत चालतो. वाद्य तेच राहते. प्रसंग बदलला की त्याची चाल बदलते. ज्या भूमीत लहानपण गेले तिचा हा संस्कार पुढे वसंतरावांच्या कामात पदोपदी दिसतो.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. वसंतराव याच सुमारास कंपनीत दाखल झाले. तो मूकपटांचा काळ होता. अभिनय, गाणे, वाजवणे, पडेल ते काम करणे, अशी त्यांची उमेदवारी सुरू झाली. 1930 च्या ‘खूनी खंजर’ या मूकपटात ते पडद्यावरही दिसले. कंपनीत शिकवणीचे वर्ग नव्हते. जो डोळे आणि कान उघडे ठेवील तो शिकेल, अशी तिथली रीत होती.

कोल्हापूर हे त्या काळात कलेचे माहेरघर होते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची गायकी येथे रुजली होती. महाराजांनी उभारलेले कुस्तीचे मैदान आणि पॅलेस थिएटर एकमेकांना लागून होते. एका भिंतीपलीकडे हलगी आणि शड्डू, दुसऱ्या बाजूला ऑर्गन, तबला आणि नाट्यपदे. संगीताकडे वळलेल्या तरुणाला या गावात दरबारी आणि रानवट असे दोन्ही ताल एकाच दिवशी कानी पडू शकत होते.

1931 मध्ये ‘आलम आरा’ने चित्रपटाला वाचा दिली आणि पुढच्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. त्याचे संगीत कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली होती. वसंतराव या बोलपटात गायले. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर गात असताना वादकांना चित्रचौकटीबाहेर बसून त्याच वेळी साथ करावी लागे. ध्वनिग्राहक थोडे आणि त्यांची कुवतही मर्यादित. तबला जवळ बसला तर गायकाचा शब्द बुडे, फार दूर गेला तर ताल हरवे. कोणते वाद्य कुठे बसवायचे, यावर गाण्याचे रूप ठरत असे. आजचा ध्वनिमुद्रक जे काम बोटाच्या एका हालचालीने करतो, ते तेव्हा सतरंजी चार हात मागे सरकवून करावे लागे. नादाला वजन असते आणि अंतरही असते, हा धडा त्या पिढीला असा मिळाला.

1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि वसंतरावही तिच्याबरोबर गेले. केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव या दोन भिन्न प्रकृतीच्या संगीतकारांच्या हाताखाली काम करण्याची संधी त्यांना तिथे मिळाली. 1936 च्या ‘अमरज्योती’त त्यांचा आवाजही ऐकू आला. 1937 च्या ‘कुंकू’मध्ये प्रभातने एक धाडसी प्रयोग केला. नेहमीचे पार्श्वसंगीत बाजूला ठेवून, प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील त्यांच्यावरच चित्रपट उभा केला. त्या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे होते. आवाज बाहेरून आणून चिकटवू नये, तो प्रसंगाच्या पोटातून यावा, हा विचार प्रभातच्या वातावरणातच होता. वसंतरावांच्या पुढील कामाचे मूळ येथे सापडते.

सुमारे बारा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या संगीताला हात लावला. ही उमेदवारी मोठी होती; आजच्या घाईच्या काळात ती कोणालाही फार मोठी वाटेल. 1942 मध्ये शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केले, तेव्हा वसंतराव त्यांच्यासोबत गेले. 1943 च्या ‘शकुंतला’ने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले आणि 1946 च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ने ते पक्के केले.

मात्र मराठी माणसाच्या दृष्टीने त्यांच्या कसोटीचा क्षण आला तो 1947 मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी. दिग्दर्शनात शांतारामांबरोबर कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर होते. ग. दि. माडगूळकरांची लेखणी होती, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. पांढरपेशा समाज त्या काळी तमाशाकडे नाक मुरडून पाहत असे. लावणी चित्रपटात आणायची तर तिला सभ्य करून, तबला-पेटीच्या सुरक्षित साथीवर बसवणे सोपे होते. प्रेक्षकाला ते रुचलेही असते. पण मग ती लावणी राहिली नसती.

ढोलकीचे आणि तबल्याचे घराणे वेगळे आहे. ढोलकीची शाईची बाजू चढ्या स्वरात ओढून बांधलेली असते. तिच्यावर बोट पडले की आवाज टोकदार निघतो आणि उघड्या मैदानात, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो. धुमाच्या बाजूने घुमारा मिळतो. सोबतीला तुणतुण्याचा अखंड स्वर, मंजिरीची किणकिण आणि हलगीचा कडकडाट असतो. ढोलकीवाला गाणारणीच्या पायांकडे बघून वाजवतो. तिने चाळ थांबवले की तो थांबतो आणि तिने गिरकी घेतली की तो तुकडा सोडतो. हा संवाद काढून घेतला तर उरते ती केवळ मात्रांची मोजदाद. ‘रामजोशी’त हा फड ढोलकीच्या जोशासह उभा राहिला, सवाल-जबाब रंगले आणि मध्यमवर्गीय घरांत लावणीचा ठेका मांडीवर धरला जाऊ लागला. मराठीत पुढे तमाशापटांची जी लाट आली तिच्या उगमाशी हा चित्रपट आहे. कोल्हापूरचेच सुपुत्र वसंत पवार यांनी 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये ढोलकीला जे वैभव मिळवून दिले, त्याची वाटही याच चित्रपटाने मोकळी केली होती.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. ढोलकी आणि हलगी या वाद्यांना शतकानुशतके ज्यांनी जिवंत ठेवले ते बहुतांशी मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंत होते. हलगी वाजवणे हे अनेक ठिकाणी गावकीचे, सक्तीचे काम होते आणि त्याच्याशी अपमान जोडलेला होता. म्हणून काहींनी ते वाद्य स्वाभिमानाने खालीही ठेवले. आपल्याला कर्णमधुर वाटणाऱ्या एका थापेमागे एवढा इतिहास उभा असतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येते, गायिकेचे येते. थाप मारणाऱ्या हाताचे नाव फारच थोड्या वेळा येते. वसंतरावांचा काळही या दोषातून सुटलेला नव्हता.

1951 च्या ‘अमर भूपाळी’त त्यांच्यापुढे उलटा पेच होता. चित्रपटाचा नायक शाहीर होनाजी. म्हणजे ढोलकीच्या फडातला माणूस. पण त्याची कीर्ती अमर झाली ती पहाटेच्या भूपाळीने. रात्रीचा फड आणि पहाटेचे अंगण, शृंगार आणि भक्ती, ही दोन टोके एकाच माणसाच्या जीवनात होती. वसंतरावांनी लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांच्या कंठांतून जी भूपाळी उभी केली ती मराठी घरांत पुढे पहाटेचीच झाली. ती ऐकताना तालाकडे लक्ष जात नाही, आणि हेच तिच्या तालाचे यश आहे. 1952 च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा तांत्रिक पुरस्कार देऊन गौरव झाला. सतरंजी मागेपुढे करून नाद तोलण्यापासून सुरू झालेला प्रवास येथवर आला होता.

1953 मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला त्यांनी संगीत दिले. या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. कोकणातले गरीब घर, आई, शाळा आणि संस्कार असा हा विषय. बायकांच्या ओवीला ढोल लागत नाही; जात्याची घरघर हाच तिचा ताल असतो. द्रौपदी आणि कृष्णाच्या चिंधीची कथा सांगणाऱ्या गीतात वसंतरावांनी हा घरगुती साधेपणा जपला. शाळेतल्या छडीच्या गाण्यात मात्र पोरांचा खोडकर ठेका आला. एकाच चित्रपटात, एकाच गावात, दोन वयांचे दोन ताल.

त्यानंतर 1955 मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ आला आणि ताल हाच चित्रपटाचा विषय झाला. गोपीकृष्ण यांच्या कथक नृत्याला तोलामोलाचा तबला हवा होता. वसंतरावांनी बनारस घराण्याचे पंडित सामताप्रसाद यांना पाचारण केले. कथकाला साथ करणारा तबला हा खुल्या, दमदार बाजाचा असतो. बनारसच्या तबल्यात पखवाजाचा भारदस्तपणा मिसळलेला आहे. शीर्षकगीतासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज घेतला. तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात प्रथम ऐकू आले. जे हवे आहे ते आपल्याकडे नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत जायचे, ही त्यांची रीत होती. 1959 च्या ‘गूंज उठी शहनाई’साठी ते उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्याकडे गेले ते याच न्यायाने.

दोन चित्रपटांच्या मध्ये 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने बंद्यांसाठी चालवलेल्या खुल्या वसाहतीच्या प्रयोगातून या कथेला प्रेरणा मिळाली. सहा जन्मठेपेचे कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी. ‘झनक झनक’च्या वैभवानंतर वसंतरावांनी येथे हात आखडता घेतला. भरत व्यास यांच्या प्रार्थनेला त्यांनी जी चाल दिली, ती गायनाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही म्हणता यावी अशी आहे. तिची लय दमलेल्या माणसाच्या चालण्याची लय आहे. तबल्याच्या करामतीला तिथे जागाच नाही. खेळणी विकणाऱ्या चंपेचे गाणे तिच्या हातातल्या साध्या वाद्याच्या अंगाने जाते. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. ती प्रार्थना देशभरच्या शाळांत पोहोचली. ज्या हाताने सामताप्रसादांचा तबला मागवला, त्याच हाताने तालाला जवळजवळ गप्प बसवले. वसंतरावांच्या अधिकाराचा याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

या यशानंतर राजकमलशी असलेली त्यांची घट्ट जोडी सुटली. 1959 च्या ‘नवरंग’ला संगीत दिले ते सी. रामचंद्र यांनी. हिंदी चित्रपटसंगीताचा ओघही पालटत होता. वाद्यवृंद मोठे होत चालले होते, पाश्चात्त्य ठेक्यांची मागणी वाढत होती. लोकांना काय हवे आहे ते देणाऱ्यांची ती वेळ होती. कथेला काय हवे आहे ते शोधणाऱ्यांची नव्हती. वसंतरावांच्या वाट्याला मोठे हिंदी चित्रपट कमी येऊ लागले. त्यांनी स्वीकारलेले सारेच चित्रपट त्यांच्या योग्यतेचे होते असेही म्हणता येणार नाही. शोध घेणाऱ्या कलावंताला ही किंमत द्यावी लागते आणि ती त्यांनी दिली.

तरी ते थांबले नाहीत. कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये स्थापन केलेली ललितकलादर्श ही नाट्यसंस्था भालचंद्र पेंढारकर चालवत होते. तिच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (1960) आणि ‘जय जय गौरीशंकर’ (1966) या विद्याधर गोखले यांच्या नाटकांना वसंतरावांनी संगीत दिले आणि संगीत रंगभूमीला नवी पालवी फुटली. ‘देव दीनाघरी धावला’साठी त्यांनी कुमार गंधर्व यांच्यासोबत वाणी जयराम या नव्या गायिकेला उभे केले, पुढे 1971 च्या ‘गुड्डी’तील प्रार्थनेने तीच गायिका घराघरांत पोहोचली. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांच्या संस्कृत विश्वमैत्रीगीताला वसंतरावांनी चाल दिली आणि ऑक्टोबर 1966 मध्ये एम. एस. सुब्बलक्ष्मी यांनी ते संयुक्त राष्ट्रसंघात गायले. सोनवड्याच्या मुलाची चाल न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर पोहोचली होती.

चीनशी झालेल्या 1962 च्या युद्धानंतर ‘छोटा जवान’ (1963) या चित्रपटासाठी त्यांनी माडगूळकरांच्या समरगीताला दिलेली चाल महाराष्ट्रभर दुमदुमली. अखेरच्या काळात समूहगानाचे त्यांना वेडच लागले होते. हजारो मुलांनी एका सुरात, एका लयीत गावे यासाठी ते झटत राहिले. समूहगानात ताल धरायला वाद्य पुरत नाही. एवढ्या मुलांना तो आपल्या पावलांत आणि श्वासांत सापडावा लागतो. पखवाज, तबला, ढोलकी असा फिरत गेलेला त्यांचा शोध शेवटी माणसाच्या देहापाशी येऊन थांबला, असे म्हणावेसे वाटते.

22 डिसेंबर 1975 रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील घरी परतले आणि इमारतीतील लिफ्टच्या विचित्र अपघातात त्यांचा अंत झाला. ते 63 वर्षांचे होते. कामातून उठून आलेला माणूस काम अर्धे ठेवून गेला.

त्यानंतर संगीताचे तंत्र ओळखू न येण्याइतके बदलले. लाकूड आणि कातडे यांची जागा आधी यंत्राने आणि मग संगणकातल्या साठ्याने घेतली. यात हळहळण्यासारखे फारसे नाही. वसंतराव आज असते तर त्यांनीही ही साधने कुतूहलाने हाताळली असती. ज्यांनी ध्वनिग्राहकाशी झुंज घेत शिक्षण घेतले, ते नव्या यंत्राला कशाला भितील? पण तयार थाप वापरण्यापूर्वी ती कोणाची, कुठली आणि कशासाठी वाजवली गेली, हे त्यांनी नक्कीच विचारले असते. गोंधळाचा संबळ नुसता जोरकस वाटला म्हणून प्रेमगीतात टाकता येतो. यंत्र अडवत नाही. अडवायला हवे ते आपल्या कानाने.

कोल्हापूर परिसरात हलगी, संबळ, चौंडके आणि ढोलकी वाजवणारे हात आजही आहेत. त्यांच्यापर्यंत जायला फार दूरचा प्रवास करावा लागत नाही. त्यांच्यासमोर बसून एक जत्रा, एक कुस्तीचा फड, एक गोंधळ ऐकावा. मग हवे तर त्यांच्या संमतीने, योग्य मोबदला देऊन आणि नाव लावून ध्वनिमुद्रण करावे. असा मिळवलेला नाद संगणकात ठेवला तरी तो कुठला आहे हे विसरत नाही. वसंत देसाई यांनी सामताप्रसादांना किंवा बिस्मिल्ला खाँना गाठले ते याच वाटेने. खासबागेत पुढच्या वेळी हलगी तापवली जाईल, तेव्हा गाणे बांधू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाने क्षणभर डोळे मिटून ती ऐकली, तर या संगीतकाराला त्याहून वेगळी आदरांजली नको.